चार सुरांची जागा

अड्यारच्या आमच्या मुलींच्या शाळेत दर बुधवारी शेवटच्या तासाला बँडची तालीम असे, आणि त्या तालमीत कोणी काहीही वाजवत नसे. मागच्या पडवीत तीसेक मुली आपापली वाद्यं मांडीवर आडवी ठेवून बसत, समोर कागद धरत आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत बोटांनी गुडघ्यावर ठोके देत. त्यांच्यासमोर काळ्या अल्पाकाचा कोट घातलेले एक काटकुळे गृहस्थ हातातली बारीक काठी हलवत उभे असत. नवऱ्याची बदली मद्रासच्या केंद्र सरकारी कचेरीत झाली म्हणून मी साताऱ्याहून इकडे आले होते आणि या शाळेत गणित शिकवायला लागून चारच दिवस झाले होते. हे दृश्य पाहून मला वाटलं, कसली तरी प्रार्थना चालली आहे. मी चपला काढल्या आणि खांबाशी हात जोडून उभी राहिले. पाच मिनिटांनी शाळेचा शिपाई मुनुसामी हळूच म्हणाला, "टीचर, हा बँड आहे."

ते गृहस्थ म्हणजे सेतुमाधव राव. मुली त्यांना 'राव सार' म्हणत. तालीम संपल्यावर ते काठी कोटाच्या बाहीत सरकवत माझ्याकडे आले आणि चक्क मराठीत म्हणाले, "तुम्ही मराठी कीं? बरं झालं. जेवलांत कीं?"

दुपारचे चार वाजले होते. पण तंजावरकडच्या मराठी माणसाचा नमस्कार असाच असतो, हे मला पुढे कळलं. त्यांची मराठी ऐकून पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. आमच्या आजीच्या पोथीतली भाषा तमिळ हेल काढून कोणी बोलावी, तशी ती होती. सगळ्याला ते 'अस्की' म्हणत आणि लवकरला 'लोकर'. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, पण दुसऱ्या दिवसापासून मला 'अक्का' म्हणायला लागले. मी सांगून पाहिलं की मी तुमच्या मुलीसारखी आहे. तर म्हणाले, "मुलीला पण अक्काच म्हणतों मी."

त्यांचे आजोबा तंजावरच्या राजवाड्यातल्या बँडात क्लॅरिनेट वाजवत. राजे गेले, बँड गेला, क्लॅरिनेट राहिलं. ते घेऊन राव मद्रासला आले आणि पोट भरण्यासाठी त्यांनी मिळेल तिथे वाजवलं, मग शिकवायला लागले. एवढीच त्यांची चरित्रकथा मला ठाऊक आहे. विचारलं तर "जुनं अस्की पाणी गेलं, अक्का," म्हणून कॉफीचा पेला तोंडाला लावत.

शिक्षकांच्या खोलीत त्यांची खुर्ची माझ्या शेजारी होती. आल्या आल्या ते छत्री कोपऱ्यात टेकवत, खुर्चीत बसत आणि म्हणत, "आज थकलों, अक्का." हे सकाळी नऊ वाजता. आणि खरंच थकलेले असत. कारण आमच्या शाळेतली त्यांची नोकरी अकरा वर्षं हंगामीच होती, आणि उरलेल्या दिवसांत ते गावभर बँड दुरुस्त करत हिंडत. शाळांची स्नेहसंमेलनं जवळ आली की निरोप यायचे. राव दोन दिवस जायचे, मोडकळीला आलेला बँड उभा करून यायचे. आमच्या खोलीत त्यांना 'दोन दिवसांचा डॉक्टर' म्हणत. औषध एकच. पहिला दिवस कोणी काही वाजवायचं नाही, नुसतं मोजायचं. एकदा गिंडीच्या एका कारखान्यातल्या कामगारांच्या बँडनं त्यांना बोलावलं. तिथला ढोलवाला फोरमन होता, अंगानं दांडगा, आणि त्याचा ढोल बँडच्या पुढे पळे. रावांनी त्याच्या हातातल्या काठ्या काढून घेतल्या आणि दिवसभर त्याला मांडी थोपटायला लावली. फोरमन संतापला. संध्याकाळी मात्र त्यानं रावांना सायकलच्या दांडीवर बसवून बसच्या थांब्यापर्यंत सोडलं. दुसऱ्या दिवशी हे सांगताना राव कमरेला हात लावून म्हणाले, "त्याचा ढोल सुधारला. सायकल पण पळतेच."

मात्र त्यांचं खरं वेगळेपण त्या कागदांत होतं. बँडमास्तर साधारणपणे वाद्याप्रमाणे कागद लिहितो. पहिली बासरी, दुसरी बासरी, ढोल, असा. राव माणसाप्रमाणे लिहीत. कागदाच्या डोक्यावर वाद्याचं नाव नसे, मुलीचं असे. लीला. फातिमा. वसंता. जिला जेवढं येतं तेवढंच तिच्या कागदावर. जिला तीनच सूर नीट फुंकता येत, तिच्या कागदावर तेच तीन, पण अशा बेतानं की एकंदर गाण्यात ते शोभावेत. एखादी मुलगी शाळा सोडून गेली की तिचा कागद बाद. तो दुसरीला द्यायचा नाही, नव्या मुलीसाठी नवा लिहायचा. सहामाहीच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर ते तासन्‌तास लिहीत बसत, तमिळ अक्षरांत सा-रि-ग-म. उभ्या रेघा मारून पाडलेल्या एकेका रकान्याला ते 'घर' म्हणत. सूर नसलेलं घर रिकामं. रिकाम्या घरात गप्प बसायचं आणि मोजायचं. कार्यक्रम झाला की सगळे कागद परत पेटीत गेले पाहिजेत, ही त्यांची सक्त ताकीद. एक कागद कमी भरला तर मुलींना घरी सोडत नसत.

"येईल तिला बँडात जागा," असा त्यांचा नियम होता. बेसूर आहे म्हणून कोणाला परत पाठवल्याचं मी पाहिलं नाही. मी एकदा म्हटलं, राव, गणितात मी असं केलं तर अख्खा वर्ग नापास होईल. ते म्हणाले, "गणितांत तुम्ही रिकामं घर देतां कीं? मी देतों."

त्या रिकाम्या घरांनीच घोटाळा झाला, आणि त्यात माझा हात होता.

कामाक्षी नावाची एक मुलगी बासरी वाजवायची. वाजवायची म्हणजे फुंकायची. दहा वेळा फुंकलं तर तीनदा सूर निघे, बाकी वारा. अभ्यासात बेताची, पण आकडे तिला आवडत. एका मधल्या सुट्टीत ती दोन कागद घेऊन माझ्याकडे आली, एक तिचा आणि एक तिची मैत्रीण लीलाचा. "टीचर, गाण्यात शहाण्णव घरं आहेत," ती तमिळमध्ये म्हणाली. "लीलाची अठ्ठ्याऐंशी भरलेली आहेत. माझी सहा. म्हणजे मी किती?"

मी वह्या तपासत होते. मान वर न करता मी म्हटलं, "सहा भागिले शहाण्णव. एक-सोळांश."

 ती अजून कशी जात नाही म्हणून मी वर पाहिलं, तेव्हा ती रडत होती. तिची ती सहा घरंसुद्धा अशी होती की जिथे सगळा बँड एकदम मोठ्यानं वाजतो, म्हणजे तिनं वाजवलं काय आणि न वाजवलं काय, सारखंच. हे तिच्या लक्षात आलं होतं. गणिताच्या मास्तरणीनं जीभ चावावी अशी ती वेळ होती. पण उत्तर बरोबर होतं, आणि बरोबर उत्तर परत घेता येत नाही.

संध्याकाळी मी रावांना हे सांगितलं. ते खुर्चीत बसून राहिले. कॉफी निवून तिच्यावर साय धरली. शेवटी म्हणाले, "अकरा वर्षं मी समजलों, मी जागा देतों. मी पोरींना लपवत होतों, अक्का. अय्यो." मला वाटलं, आता मुलीच्या मनाची समजूत घालतील. त्यांनी तसं काही केलं नाही. रात्रभर जागून त्यांनी सगळे कागद पुन्हा लिहिले. त्या दिवसापासून प्रत्येक मुलीच्या कागदावर निदान एक घर असं असे, की त्या घरात सगळा बँड गप्प आणि ती एकटी वाजवणार. सगळ्यांत कच्च्या मुलीलासुद्धा. कामाक्षीला त्यांनी शेवटाजवळचं एक घर दिलं. चार सूर. ती ते चार सूर वाजवत नाही तोवर शेवट सुरू होत नसे. त्याला मुली 'कामाक्षीची जागा' म्हणू लागल्या.

कामाक्षी बदलली. बासरी फारशी सुधारली नाही, पण नव्वद घरं मोजत बसण्यात तिचा हात कोणी धरेना. ती कधी चुकत नसे. कोणी गोंधळलं तर हळूच तिच्या बोटांकडे बघे.

त्याच वर्षी शहरातल्या शाळांच्या बँडांची स्पर्धा होती. आमच्या मुख्याध्यापिकाबाई करारी आणि तशा न्यायी होत्या. त्यांनी रावांना बोलावून सांगितलं, ढाल जिंकून आणा, मी व्यवस्थापनाकडून तुम्हाला कायम करून घेते. कायम म्हणजे पगार चालू, म्हातारपणी काहीतरी आधार, आणि बसची वणवण बंद. राव तेव्हा अठ्ठावन्नच्या आसपास असतील. पायाला सूज यायची. पश्चिम मांबलमच्या दोन खोल्यांत बायको दम्यानं आजारी. त्यांनी आयुष्यात काही मागितलं असेल तर एवढंच. मला म्हणाले, "कायम झालों तर गिंडी नक्को, तांबरम नक्को, कुठेच नक्को. एकच पडवी." हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं होतं, ते मी नंतर कधी पाहिलं नाही.

बाईंची एकच अट होती. ती शेवटाजवळची जागा कामाक्षीकडून काढून लीलाला द्यायची. सगळ्यांना तेच वाटत होतं. मलाही. मी त्यांना स्पष्ट म्हटलं, "राव, चार सुरांचा प्रश्न आहे. या खेपेपुरते लीलाला द्या. कामाक्षीला मी समजावते."

ते छत्रीची मूठ चोळत बसले. मग म्हणाले, "तिचं नांव लिहिलेलं आहे, अक्का." आणि थोड्या वेळानं, "एकदा मोजली ना ती. परत मोजायला लावूं?"  मोजायला लावणारी मीच होते.

स्पर्धेच्या दिवशी आमचा बँड फार सुंदर वाजला. मला संगीतातलं कळत नाही, पण माणसांना ऐकताना बघून कळतं. पंखे होते तरी सभागृह तापलं होतं, आणि लोक हातपंखे हलवायचे थांबले होते. मी कडेला उभी राहून कामाक्षीच्या बोटांबरोबर घरं मोजत होते. तिचं घर आलं. तीस मुली एका झटक्यात गप्प झाल्या. कामाक्षीनं अगदी वेळेवर बासरी ओठाला लावली, फुंकली, आणि नुसता वारा निघाला.

रावांनी काठी पुढे टाकली असती तर काही बिघडलं नसतं. चार सूर गेले असते, शेवट सुरू झाला असता, परीक्षकांना वाटलं असतं की तिथे शांतताच लिहिली आहे. कुठल्याही बँडमास्तरनं तेच केलं असतं. लयीला थांबता येत नाही, हे रावांनीच सगळ्या मद्रासला शिकवलं होतं. पण त्यांची काठी वर गेली ती वरच राहिली. ते कामाक्षीकडे बघत उभे राहिले. रागानं नाही, घाईनं नाही, बसची वाट बघावी तसे. मुलीनं ओठ पुसले, पुन्हा फुंकलं, पुन्हा वारा. मागच्या रांगेत कोणी तरी हसलं.  काठी वरच. तिसऱ्यांदा चार सूर आले, बारीक पण सुरेल. काठी खाली आली आणि बँड शेवटाकडे गेला.

ढाल दुसऱ्या शाळेला मिळाली. परीक्षकांच्या कागदावर शेरा होता की मुली तयार आहेत, बँडमास्तरांना लय सांभाळता आली नाही. रावांनी तो वाचला, घडी घालून खिशात ठेवला. बाईंनी विचारलं, तुम्ही पुढे का गेला नाहीत? त्यांनी खरं सांगितलं नाही. म्हणाले, वय झालं, चुकलों. त्या वर्षाअखेरीस बाईंनी एक तरुण बँडमास्तर आणला. तो वाद्याप्रमाणे कागद लिहायचा. वर्षाच्या आत बँडात अठराच मुली उरल्या, आणि दोन वर्षांनी ढालही आली.

निघायच्या दिवशी रावांनी पेटीतले कागद स्वतः मोजले, मुनुसामीच्या ताब्यात दिले आणि छत्री उचलली. मी चिडले होते. त्यांच्यावर, बाईंवर, स्वतःवर. म्हटलं, "एका क्षणासाठी म्हातारपण घालवलंत." ते पडवीच्या पायरीवर टेकले. "पुढें गेलों असतों तर ती घरीं जाऊन मोजली असती," ते म्हणाले. "माझ्यासाठी बँड शून्य घर थांबला, असं. जन्मभर मोजली असती, अक्का. पोरगी हिशेबाची पक्की." मग उठले. "आज थकलों."

त्यानंतर आठ-नऊ वर्षं ते तसेच हिंडत राहिले. सैदापेटच्या पुलावर, माउंट रोडच्या थांब्यावर मधूनच दिसत. कोट तोच, बाही उसवलेली. एकदा भर दुपारी एका शाळेच्या फाटकाशी निरोपाची वाट बघत उभे होते. शाळेनं बोलावलं होतं आणि मग शाळाच विसरली होती. मला बघून म्हणाले, "जेवलांत कीं?" ते स्वतः जेवले नव्हते हे उघड होतं. मी त्यांना घरी नेऊन ताकभात वाढला.  मग बायको गेली. मग एका पहाटे उजवं अंग लुळं पडलं आणि काठी कायमची बाहीत गेली.

आमची साताऱ्याला परतायची तयारी चालली होती, त्या सुमारास एक तरुण बाई माझ्या दारात उभी राहिली. आधी ओळखलं नाही. "टीचर, मी एक-सोळांश," ती म्हणाली.

कामाक्षी तांबरमच्या एका शाळेत गणित शिकवत होती आणि तिथला बँडही तिच्याकडे होता. बासरी कधीच जमली नाही, पण मोजता येत होतं, आणि बँड चालवायला तेच लागतं, असं ती म्हणाली. शनिवारी शाळेचं संमेलन होतं. राव सारांना घेऊन याल का? तिनं स्वतः विचारलं असतं तर ते 'नक्को' म्हणाले असते.

मी मांबलमला गेले, तर राव मलाही म्हणाले, "नक्को." मी म्हटलं, मी पुढच्या महिन्यात जाणार, परत येणं होणार नाही. तेव्हा डाव्या हातानं त्यांनी खुंटीवरचा कोट काढला.

तांबरमला मुली व्यासपीठावर बसल्या होत्या. आम्ही पहिल्या रांगेत बसणार, तोच कामाक्षी खाली आली, रावांचा डावा हात धरून त्यांना वर घेऊन गेली आणि मुलींमधल्या एका रिकाम्या खुर्चीवर बसवलं. खुर्चीशेजारी लोखंडी स्टँडला एक त्रिकोणी घंटा टांगलेली होती. डाव्या हातात तिनं बारीक लोखंडी कांडी दिली आणि समोर कागद ठेवला. डोक्यावर तमिळमध्ये लिहिलं होतं, 'राव सार'. खाली सगळी रिकामी घरं, आणि शेवटाजवळ एका घरात एक टोला.

राव त्या कागदाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता उठतील. सगळ्यांत कच्च्या मुलीसाठी ज्यानं आयुष्यभर तसे कागद लिहिले त्याला तो वाचता येणारच. पण त्यांनी कांडी घट्ट धरली आणि बँड सुरू होताच बोटं मांडीवर टेकवली. बारा-तेरा वर्षांच्या मुलींमध्ये तो म्हातारा ओठ हलवत मोजत होता. मीही मोजत होते.

त्यांचं घर आलं. मुली गप्प झाल्या. डावा हात वेळेवर उठला, आणि कांडी घंटेच्या शेजारून हवेत गेली.

कामाक्षीची काठी वर होती. ती वरच राहिली. पालक चुळबुळले, कोणीतरी खोकलं. ती त्यांच्याकडे बघत उभी होती, आणि तसं उभं राहिलेलं मी एकदा कोणालातरी पाहिलं होतं. माझ्या डोळ्यांपुढे धूसर झालं, त्यामुळे टोला मी पाहिला नाही. ऐकला.

परतीच्या गाडीत मी त्यांना खिडकीशी बसवलं. गाडी सुटल्यावर म्हणाले, "चुकली पोरगी. थांबायचं नसतं. परीक्षक असते तर?"  तोंडाची डावी बाजू हसली. "पाहिलांत ना, अक्का? येवढीं वर्षं अस्की शिकवलों. आणि ती शिकली काय, माझी चूक." डोळे मात्र गळत होते, आणि पुसायचा हात खिडकीच्या गजाला धरलेला होता. मी माझ्या पदरानं पुसले.

सैदापेटला मला उतरायचं होतं. मांबलमला त्यांचा जावई उभा असणार होता. मी फलाटावरून खिडकीशी गेले आणि या खेपेला मीच म्हटलं, "आज थकलात ना, राव?"

"नाहीं," ते म्हणाले.

गाडी हलली तेव्हा मला त्यांच्या कोटाच्या खिशातून कागदाचा कोपरा दिसला. रिकाम्या घरांच्या रेघा होत्या. मुलींकडून एक कागद परत आला नाही तर फाटक लावून घेणाऱ्या माणसानं आपला कागद पेटीत टाकला नव्हता. चोरून आणला होता.